मानलेला मामा

साखरखेर्डा,
धनत्रयोदशी, सन १९४८

प्रिय उत्तम,

‘प्रिय’ लिहून बसले आणि आता खोडायला हात धजत नाही. माझं लग्न झाल्यापासून तुला पत्र लिहायचं तर याच शब्दाने सुरुवात केली, हाताला दुसरं वळणच नाही. तेव्हा राहू दे तो तसाच. पण त्यावर फार विसंबू नकोस.

तुझ्या शारदेचा सांगावा परवा पोचला. तुमच्या कापसाच्या जिनावरचा माणूस ओसरीवर बसून, गूळपाणी घेऊन, पाठ केल्यासारखा सगळं सांगून गेला. दिवाळीनंतर बुलढाण्याच्या कोर्टात तारीख आहे, वन्संनी येऊन एवढंच सांगावं की पोरींच्याच मर्जीने, लग्नं लावून द्यायला त्यांना नेलं होतं, बाकीचं वकील बघून घेईल. शेवटी माहेरच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणे. आणि भाऊबीजेला नेहमीसारखं यावं, पुरणाचा स्वयंपाक करून ठेवते, समक्ष बोलू. वा रे वा! त्या माणसाला मी हसून निरोप दिला, म्हटलं कळवते. तो वळला आणि मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. दुःखाने नाही हं, संतापाने. माझ्याच ओसरीवर माणूस बसवून तू मला खोटी साक्ष द्यायचं आवतण धाडतोस, आणि वर पुरणपोळीची लालूच दाखवतोस!

अब्रूचं नंतर पाहू. आधी मला एकच सांग, दुर्पदी कुठे आहे? मथुरा सापडली, गोदू सापडली. ती एवढीशी पोर कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो मलकापुरात जामिनावर सुटून आपल्या माडीवर बसला आहे.

तू पोलिसांना सांगितलंस की भुसावळच्या फलाटावर ती पाणी प्यायला उतरली आणि गर्दीत हरवली. हे तू फौजदाराला सांग, वकिलाला सांग, मला सांगू नकोस. ती पोर माझ्याजवळ दोन महिने होती. धर्मशाळेत झोपताना कुणाच्या ना कुणाच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. दिवसासुद्धा आडावर जायचं तर माझ्या लुगड्याला लोंबकळत यायची. मी ओरडायची, ‘सोड बापा, पडीन ना मी!’, तर मूठ आणखी घट्ट व्हायची. ती पोर एकटी, अनोळखी फलाटावर, पाणी प्यायला उतरली? तहानेने जीव गेला असता तरी उतरली नसती.

समोर तानुबाई बसली आहे. तुला तिचं नाव माहीत असेलच, फौजदाराने घेतलं असेल. दुर्पदीची आई. सकाळपासून चिंच आणि राख घेऊन माझं ओवाळणीचं तबक घासते आहे. ती मधून मधून एवढंच विचारते की मलकापूरला जायला किती गाड्या बदलाव्या लागतात, घाट कुठला लागतो. मी सांगते, चिखलीपर्यंत आपली बैलगाडी, तिथून मोटार, बुलढाण्याच्या पुढे राजूरचा घाट, मग मोताळा, मग मलकापूर. ती ओठांत पुटपुटत घोकते आणि पुन्हा घासायला लागते. तबक केव्हाच लख्ख झालं आहे. मी थांब म्हणत नाही.

उत्तम, आई गेली तेव्हा तू रांगत होतास आणि मी परकर नेसत होते. तुला ज्वारीच्या कण्या भरवल्या त्या मी. गोवरात तुझ्या खाटेला कडुनिंबाचे डहाळे बांधले ते मी. सगळी आळी तुला ‘वच्छीचं पोट्टं’ म्हणायची, मला त्याची लाज नाही वाटली, उलट छाती फुगायची. माझं लग्न लागलं तेव्हा कानपिळ्या म्हणून तुलाच पुढे केलं. नवरदेवाचा कान चेष्टेने धरायचा असतो, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तू दाजींच्या मांडीवर पाय देऊन असा पिळलास की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वर अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडलास, ‘माह्या बाईले रडवशीन तं याद ठेवजो!’ हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तुझे दाजी अजून कधी माझ्यावर चिडले की आपल्याच कानाला हात लावून दाखवतात आणि आम्ही दोघं हसतो. हसायचो म्हणायला पाहिजे आता.

म्हणूनच या उन्हाळ्यात तू आलास तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पलीकडे निजामी मुलखात रझाकारांनी धुमाकूळ घातला होता, आणि हद्द आपल्यापासून ती किती लांब! खडकपूर्णेचं पात्र ओलांडून रोज माणसं येत होती. कुणाच्या डोक्यावर जातं, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या अंगावर नेसल्या वस्त्रापलीकडे काही नाही. पुरुष बरेचसे मागे राहिलेले, नाहीतर गेलेले. बायका आणि लेकरंच जास्त. दुर्पदी अशीच शेजाऱ्यांबरोबर आली. तिच्या बापाच्या पायाला गोळी लागली होती, त्याला सोडून आईला निघता येईना, म्हणून आईने पोरीला पुढे लावून दिलं, ‘तू व्हय पुढं, म्या आलेच.’ गावाने धर्मशाळा उघडली. घराघरातून भाकरी आल्या, मोमिनपुऱ्यातूनही आल्या, हे मुद्दाम लिहिते. हुसेनबी मन्यारीण तर बांगड्यांची पाटी घेऊन आली आणि एका पैशाला हात न लावता तिने सगळ्या बायापोरींचे हात भरले. म्हणाली, ‘लेकीबाळीचे हात नंगे पाह्यले का कलेजा जळते.’ मला चार बुकं वाचता येतात आणि घसा मोठा आहे, म्हणून बायकांकडची व्यवस्था माझ्यावर आली.

आणि त्या माणसांच्या मागोमाग दुसरी माणसं आली. ही माणसं तू पाहिली आहेस, आता मला कळतं की तू चांगलीच पाहिली आहेस. धुतलेली धोतरं, बोटांत अंगठ्या, तोंडात पान. एकाला पुतण्यासाठी बायको हवी होती, हुंडा नको, उलट पुण्य पदरात पडेल म्हणत होता. एक बाई हंबरडा फोडून गोदूच्या गळ्यात पडली, माझी भाची, माझी भाची म्हणत, आणि गोदू माझ्या मागे लपली होती, कारण तिने त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं. मी केरसुणी घेतली आणि वेशीपर्यंत पिटाळलं तिला. त्या दिवशी पंचांना बोलावून मी नियम केला. घरच्या बाईमाणसाने येऊन ओळख पटवल्याखेरीज एकही मुलगी धर्मशाळेबाहेर जाणार नाही, आणि पुरुषाच्या हाती तर नाहीच, मग तो कुणीही लाटसाहेब असो. घरदार पेटलं की विझवायला येणाऱ्यांत चोरही असतात, एवढं मला कळत होतं. चोर माझ्याच पाटावर जेवायला बसेल हे कळलं नाही.

तू आलास खादीच्या सदऱ्यात, मदत मंडळाची ज्वारीची पोती आणि लुगड्यांचे गठ्ठे घेऊन. गावाने तुला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तू बायकांशी नजर खाली ठेवून बोललास. पोरांना रेवड्या वाटल्यास. माझी केरसुणीची गोष्ट ऐकून हसलास आणि पंचांसमोर म्हणालास की माझ्या बाईचा नियम सोन्याचा आहे. मग दोन दिवसांनी हळूच विषय काढलास. हद्द इतकी जवळ, रोज गोळीबाराच्या बातम्या, ज्या पोरींबरोबर घरचं कुणीच नाही त्यांना इथे ठेवणं बरं नाही. मलकापुरात बायकांचं एक वसतिगृह आहे, शिवणकाम शिकवतात, पुढे चांगली स्थळं बघतात. मला पटलं. पण मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तू भाऊ असलास तरी पुरुष आहेस. तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? ‘तुहा नियम काऊन मोडू, बाई? तूच मले या पोरीयचा मामा कर ना.’

किती शोधून बोललास रे! पंचांनी लगेच माना डोलावल्या. आपल्याकडे मामा म्हणजे काय ते तुला मी सांगायला हवं? भाचीला कडेवर घेऊन बोहल्यावर आणणारा, अंतरपाट धरलेला असताना तिच्या पाठीशी उभा राहणारा. एकदा देवासमोर मामा म्हटलं की तिचा हात धरून कुठेही नेलं तरी कुणी विचारत नाही. मी स्वतः तिघींना देवीच्या देवळापुढे पाटावर बसवलं. ओटी मी भरली, खण तू दिलेस. मथुरा सर्वांत मोठी, समजूतदार, ती वाकून नमस्कार करताना रडली, म्हणाली आता आम्हांलेही माहेर झालं. गोदूने खण नाकाला लावून वास घेतला, नव्या कापडाचा वास आवडायचा तिला. आणि दुर्पदी माझा पदर सोडेना. तेव्हा तू तिला उचलून कडेवर घेतलंस, अगदी नवरीला घेतात तसं, आणि नाचवत गाडीपर्यंत नेलंस. सगळी धर्मशाळा हसली. मी पण हसले. तिने गाडीतून मला विचारलं, भुलाबाईला येऊ ना परत? कारण मी तिला कबूल केलं होतं की यंदा आश्विनात आपण भुलाबाई बसवू, पोरी जमवून गाणी म्हणू, आणि खाऊचा डबा वाजवून ओळखायचा मान पहिल्यांदा तिचा. मी म्हटलं, मामा आणून सोडतील.

गावात आता काही तोंडं म्हणतात की वच्छलाबाईचीच चूक, तिनेच धाडल्या. म्हणू देत. मी ती चूक माझ्या माथी घेणार नाही, कान उघडे ठेवून ऐक. सख्ख्या भावावर भरवसा टाकणं ही चूक असेल, तर उद्यापासून कुठल्या बाईने कुणाच्या भरवशावर जगायचं? पाप तुझं आहे. ते तूच उचल.

पोळ्याला तू निरोप धाडलास, पोरी मजेत आहेत, आणि बरोबर माझ्यासाठी रेशीमकाठी नागपुरी लुगडं. ते मी महालक्ष्म्यांना नेसले. आल्यागेल्याला काठ दाखवून सांगत होते, माझ्या उत्तमने पाठवलंय. ते लुगडं कशातून आलं असेल हे आता कळतं, आणि अंगाला हजार वेळा पाणी घेतलं तरी मळ जात नाही असं वाटतं.

मग लष्कर पलीकडे गेलं आणि चार-पाच दिवसांत निजामी राज्य आटोपलं. धर्मशाळा रिकामी व्हायला लागली. लोक जात्या-चुलींसकट परत निघाले, पेढे नव्हते म्हणून गूळच वाटला. नवरात्रात तानुबाई आली. पायात वहाण नाही, नदीपलीकडून चालत, वाटेत दहा गावं विचारत. दारात उभी राहून म्हणाली, ‘बाई, मपली दुर्पदी हितं हाय म्हणून कळलं. डाव्या हातावर तुळस गोंदलेली हाय.’ आणि मी, उत्तम, मी हसत पुढे झाले! तिला पाट दिला, पाणी दिलं, म्हटलं काळजी नको, तुझी लेक मामाकडे आहे, माझ्या भावाकडे, खुशाल आहे. ती ऐकून तिथेच पडवीत झोपली, कितीतरी दिवसांची झोप बाकी असल्यासारखी. तुझे दाजी त्याच आठवड्यात मलकापूरला आले. तू त्यांना चहा पाजलास आणि सांगितलंस की मथुरा-गोदूची लग्नं चांगल्या घरी लागली, आणि दुर्पदी तेवढी भुसावळला हरवली, तुम्हांला कसं कळवावं या विचारात होतो. डोळे पुसलेस म्हणे. दाजी परतले ते तोंड पाडून. आणि तरीसुद्धा मी तुझीच बाजू घेतली. तानुबाईला म्हटलं, माझा भाऊ स्टेशनास्टेशनांवर शोधत हिंडत असेल. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तिची ती नजर मी मरेपर्यंत विसरायची नाही.

खरं कळलं ते हुसेनबीकडून. ती लेकीच्या गावी गेली होती, तापीपलीकडे. पाटी घेतल्याशिवाय तिला चालवत नाही, तिथेही बांगड्या विकत फिरली. एका मोठ्या घरातून बोलावणं आलं, नवी बाई आहे, हात भरा. दारात घरचा म्हातारा मालक खुर्ची टाकून बसलेला, आणि आत त्याची विकत आणलेली बायको, आपली मथुरा. बाजूला नणंद पहाऱ्याला. हुसेनबीने तिचा हात हातात घेतला आणि दोघींनीही ओळख दाखवली नाही. मन्यारणीचं तोंड बांगडी चढवताना बाईच्या कानाशी जातं, ते कुणाला खटकत नाही. मथुरा एवढंच बोलली, ‘वच्छलाबाईले सांग, मामानं इकलं.’ हुसेनबीने मान न हलवता दुसरा हात मागितला. त्याच दिवशी हुसेनबी गाडीत बसली, आणि घरीसुद्धा न जाता पाटीसकट माझ्या दारात आली. ते दोन शब्द तिने मला सांगितले तेव्हा मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, मरो तुझी जीभ. ती खाली बसून माझे पाय दाबायला लागली.

पुढचं तुला माहीत आहे. दाजी फौजदाराला घेऊन गेले, मथुरा आणली. तिच्या सांगण्यावरून गोदू मिळाली, तीही तिकडेच, कुणाच्या शेतावर गुराढोरांत राबत, नवरा म्हणवणारा बापाच्या वयाचा. दोघी आता माझ्याकडे आहेत. गोदू नवं कापड दिसलं की उठून जाते. मथुरा दिवसभर काम करते आणि विचारलं तेवढंच सांगते, पण जे सांगते ते अक्षर न अक्षर खरं. वसतिगृह बघितलंच नाही त्यांनी. मलकापूरच्या स्टेशनात पोलिसाने हटकलं होतं, पोरी कुणाच्या, कुठे चालल्या? मथुरानेच ठसक्यात उत्तर दिलं, मामा आहेत आमचे. मी शिकवलेलं उत्तर. पोलीस बाजूला झाला. आणि भुसावळला हिरव्या लुगड्यातली एक बाई तुझी वाट पाहत उभी होती. तू दुर्पदीची मूठ मथुराच्या पदरातून सोडवलीस, एकेक बोट उघडून, आणि त्या बाईच्या हातात तिचा हात दिलास. म्हणालास, ‘जाय, हे तुही मामी हाय.’ पोर मागे वळून बघत गेली, पण रडली नाही, कारण मामी म्हटलं होतंस.

एकेक बोट उघडून, उत्तम. मी हेच घेऊन बसले आहे. बाकी सगळं, ते दलाल, ती लग्नं, ते लुगडं, कशाने तरी मनाला समजावता आलं असतं. कर्ज झालं असेल, कुणाच्या नादाला लागला असेल, बहिणीचं मन काय, शंभर सबबी शोधतं. पण ती मूठ मला ठाऊक आहे. ती उघडताना तुझ्या हाताला काहीच कसं झालं नाही? ज्या हाताने माझ्यासाठी दाजींचा कान पिळलास तोच ना तो?

भुलाबाई आली आणि गेली. मी बसवली नाही. कोजागरीला शेजारच्या पोरींचे आवाज ऐकू येत होते तेव्हा तानुबाई उठून परसात गेली आणि तुरीच्या काड्या मोडत बसली. आता शेतात कापूस फुटला आहे, काल पहिल्या वेचणीच्या पूजेचं सीतादही झालं. गड्यांना दहीभात वाढताना मी मोजून पानं मांडली आणि एक जास्तच मांडलं गेलं. गड्यांनी ते पान तसंच राहू दिलं.

साक्षीचं म्हणशील तर ती झाली. काल मी फौजदारापुढे जबानी दिली. देवळापुढची ओटी, खण, तू म्हटलेलं वाक्य, सगळं. दाजी म्हणाले, एकदा विचार कर, भाऊ आहे. मी म्हटलं, भाऊ आहे म्हणूनच. तारखेला बुलढाण्याला जाईन आणि पिंजऱ्यात तुझ्यासमोर उभी राहून हेच पुन्हा सांगेन. यात देवाणघेवाण नाही, तू मला काहीही दिलंस तरी त्यातला एक शब्द मी गिळणार नाही. शारदेला सांग, मला तिची दया येते, तिला राहायला माझं घर आहे. तुझा मात्र कान पिळणारं कुणी लहानपणी भेटलं नाही, मीच कधी पिळला नाही, सगळे लाडच केले. आता या वयात उठले आहे.

आणि हे पत्र लिहायचं कारण म्हणजे भाऊबीज. मी येणार नाही, पण तुझा पाट रिकामा राहणार नाही. हे पत्र तुझ्या हातात देऊन समोर जी बाई उभी आहे, पदर पुढे ओढलेली, हातात लख्ख घासलेलं तबक, ती तानुबाई. तिला सगळं माहीत आहे, मी काही लपवलेलं नाही. हे तिनेच काढलं. म्हणाली, ‘मपल्या लेकीनं त्याला मामा म्हनलं ना? मंग तो मपला भाऊ झाला की. म्या ववाळते त्याला. बहिणीला ववाळनी घातल्याबिगर भाऊ पाटावरून उठत नसतो.’ मी हात जोडले तिला, म्हटलं तुला नाही सोसायचं ते. ती ऐकेना. ती तुला शिव्या देणार नाही, शाप देणार नाही, कुंकू लावेल, अक्षता टाकेल आणि ओवाळेल. तुझं रेशीमकाठी लुगडं तिच्या गाठोड्यात आहे, ते काढून घे. तबकात पैसा टाकू नकोस, ती उचलायची नाही. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईचं नाव आणि गाव, एवढीच ओवाळणी घाल. बाहेर ओट्यावर आपल्या गावचा मोतीराम कोतवाल आणि फौजदाराचा शिपाई बसले आहेत, तुला धरायला नाही, तू सांगशील त्या गावाला लागलीच निघायला. बस पाटावर, उत्तम. ती तबक खाली ठेवणार नाही, मला माहीत आहे, हात भरून आले तरी ठेवणार नाही. खाली ‘तुझीच’ लिहायची जागा मी मोकळी सोडली आहे.

वच्छला